कोपीवरची हजेरी

६ नोव्हेंबर, गुरुवार

रंगनाथ सर म्हणाले, "मॅडम, तुम्ही दिवसभर जेवढं बोलता त्यातलं निम्मं संध्याकाळी लिहून काढत जा, म्हणजे दुसऱ्या दिवशी माझ्या कानांना जरा सुट्टी." दोन शिक्षकांची शाळा, त्यात एक मी आणि एक सर. म्हणून ही वही काढली. किती दिवस टिकते बघू.

दिवाळीनंतरची आमची शाळा म्हणजे निम्मी शाळा. आज वस्तीवरून ऊसतोडीचे ट्रॅक्टर कोल्हापूरकडं निघाले. ट्रॉलीत भांडी, गोधड्या, शेळ्या, कोंबड्यांची खुराडी आणि वर माझी पोरं, जत्रेला निघाल्यासारखी हात हलवत. उन्हाळ्यात परत येतात तेव्हा निम्मी अक्षरं उसात विसरून येतात. दर वर्षी मी शाळेच्या ओट्यावर उभी राहून चरफडते. आमच्या गावी, राहात्याकडं पाणी आहे, पेरूच्या बागा आहेत, तिथली पोरं कुठं जात नाहीत. इथं शेवगावच्या या टोकाला पाऊसच पाठ फिरवतो, मग माणसं तरी काय करतील, हेही कळतं. पण चरफडायला काय पैसे पडतात.

यंदा एक मात्र राखली. तिसरीतली संस्कृती. भागवत तिलाही नेणार होता. धाकटा राम आता कुठं बसायला लागलाय, आई-बाप उसाच्या फडात गेल्यावर कोपीवर त्याला बघायला कोण? कोपी म्हणजे ह्यांचं तिकडचं घर, बांबूवर उसाचं पाचट टाकून केलेलं. मी भागवतच्या अगदी खनपटीलाच बसले. शेवटी त्याची आई झुंबरबाई म्हणाली, "ऱ्हाऊ दे पोरगी माझ्यापाशी. मला बी घर खायला उठतंय." भागवत कसाबसा तयार झाला, तोही अट घालून. "सक्रांतीपतूर बघू. तवर पोरगी आजारी पडली, न्हाईतर म्हातारीला झेपंना झालं, तर मी यिऊन घिऊन जाणार. मग मॅडम, तुमी आडवं यायचं न्हाई."

ट्रॅक्टर सुरू झाल्यावर तिची आई आरती पुन्हा खाली उतरली, माझ्यापाशी आली. "मॅडम, रोज सांगताल का? आली का शाळंत, जेवली का, एवढंच." मी म्हटलं, सांगते. माझी जीभ ही अशी. आता रोज सांगणं आलं.

१० नोव्हेंबर, सोमवार

मोबाईलवर गट केला, तोडीवर गेलेले सगळे पालक त्यात घातले. पहिला निरोप चांगला बैठक मारून लिहिला. 'सर्व पालकांना कळविण्यात येते की, परिपाठ व पोषण आहार पूर्ववत सुरू असून पाल्यांची उपस्थिती समाधानकारक आहे.' एकाचं उत्तर नाही. रंगनाथ सरांनी वाचलं आणि म्हणाले, "मॅडम, हे पंचायत समितीला पाठवा. दिवसभर ऊस तोडून आलेल्या माणसाला 'पूर्ववत' कशाला सांगता? त्याला पोरगं जेवलं का ते सांगा." बरोबरच होतं त्यांचं, पण तोंडावर कबूल केलं नाही. उद्यापासून बोलूनच पाठवते.

१४ नोव्हेंबर, शुक्रवार

जमलं म्हणायचं. दिवेलागणीला मी ओट्यावर बसते आणि बोलते. आधी हजेरी, एकेकाचं नाव घेऊन. मग खिचडीत मटकी होती का मूग, कोण पडलं, कोणाचा दात पडला, कोणाचा पाढा पाठ झाला. तिकडं सगळ्या कोप्यांवरच्या बाया चुलीपाशी फोन ठेवून ऐकतात म्हणे. एकीनं उत्तर पाठवलं, "मॅडम, तुमचा आवाज लई कडक हाय. आमचं पोरगं तिकडं हाय, पन मांडी घालून आमीच बसतो."

आरती रोज एकच म्हणते, "ऐकलं मॅडम." मागं राम बडबडत असतो.

२१ नोव्हेंबर, शुक्रवार

आज शोभा झाली. काल बोलण्याच्या भरात सांगून बसले की गोरक्षच्या डोक्यात उवा झाल्यात, इतरांनीही आपापल्या पोरांची डोकी बघून घ्या. हेतू चांगला होता. सकाळी गोरक्षची आजी छबूबाई पदर खोचून शाळेत हजर. तिच्या लेकानं तिकडून फोन करून तिला झापलं होतं.

"माझ्या नातवाच्या उवा तुमी कोल्लापूरपतूर न्हेल्या," ती म्हणाली. "हितल्या हितं मेल्या असत्या."

रंगनाथ सर फळ्याकडं तोंड करून उभे राहिले, खांदे हलत होते त्यांचे. मी छबूबाईला खुर्चीत बसवलं, चहा पाजला आणि माफी मागितली. चुकलंच माझं. साथ सगळ्यांना सांगायची, नाव ज्याचं त्यालाच सांगायचं. डी.एड.ला असतानाच शिकवलं होतं, पण छबूबाईसारखं कोणी शिकवलं नाही.

गोरक्षच्या डोक्याला करंजाचं तेल लावून दिलं. त्याला उवांचं काही नाही, आपलं नाव फोनात आलं म्हणून खूश आहे.

२८ नोव्हेंबर, शुक्रवार

झुंबरबाईकडं ज्वारीची भाकरी आणि ठेचा खाऊन आले. पोरगी आजीच्या मांडीवर डोकं ठेवून मला सातचा पाढा म्हणून दाखवत होती, सात सक्कंला अडली की आजीच्या गालाला हात लावायची. मला हेवा वाटला, खरं सांगायचं तर. आमचे हे राहात्याला बागेत, मी इथं भाड्याच्या खोलीत. आठवड्यातून एकदा तोंड दिसतं.

तेवढ्यात भागवतचा फोन आला. झुंबरबाईचे गुडघे इतके धरलेत की उठताना भिंत लागते, पण फोनवर म्हणाली, "समदं बरं हाय बाबा." मी विचारलं, खोटं कशाला? ती म्हणाली, "तोडीवरच्या मानसाला घरचं दुखनं सांगत न्हाईत. ध्यान हिकडं लागतं आनि कोयता हातावर येतो. माझ्या सासूनं सांगितलेलं हाय."

अडाणीपणा आहे सगळा. पण तसं म्हटलं नाही, ठेचा फार छान झाला होता.

८ डिसेंबर, सोमवार

संस्कृती आली नाही. ती कधी शाळा बुडवत नाही, म्हणून मधल्या सुट्टीत घरी गेले. दाराला कडुलिंबाचा डहाळा खोचलेला, घरात फोडणीचा वास नाही. झुंबरबाई हळू आवाजात म्हणाली, "देवी आल्यात." आत पोरगी लिंबाच्या पाल्यावर पडलेली, अंगभर पाण्याचे फोड. कांजिण्या, दुसरं काय. उपकेंद्रातल्या सिस्टरला बोलावते म्हटल्यावर म्हातारी आधी नाही म्हणाली, मग 'देवीला हात लावायचा न्हाई, ताप तेवढा बघायचा' या बोलीवर कबूल झाली. ठीक आहे, देवी तिच्या, ताप आमचा.

निघताना तिनं माझा हात धरला. "मॅडम, तेवढं फोनात सांगू नगा. भागवत पोरगी घिऊन जाईल. त्यात त्यो उसात, हातात कोयता." पोरगी आतून बघत होती. मला म्हणाली, "मॅडम, आईला हजर सांगा."

संध्याकाळी गटावर सांगितलं की वस्तीत कांजिण्या दिसल्यात, कोणाच्या अंगावर फोड आले तर पोराला शाळेत पाठवू नका, खपल्या धरेपर्यंत घरीच ठेवा, नखं कापा. नाव घेतलं नाही, उवांनी शहाणं केलंय. मग हजेरी. तिसरी आली, संस्कृतीचं नाव आलं आणि तोंडातून 'हजर' गेलं.

खोटं बोलणाऱ्या पोराला मी वर्गाच्या दारात उभं करते. मला कोण उभं करणार? आरतीनं आज "ऐकलं मॅडम" म्हटलं नाही.

९ डिसेंबर, मंगळवार

राहवेना. मधल्या सुट्टीत भागवतच्या नंबरवर फोन लावला. उचलला आरतीनं. मागं कोणीतरी नावं पुकारत होतं, राम रडत होता. मी म्हटलं, बाजारात आहेस का? "व्हय, तसंच," म्हणाली.

सगळं सांगून टाकलं. कांजिण्या आल्यात, काल मी खोटं बोलले, तुझी पोरगी घरी होती. ती म्हणाली, "मॅडम, मला कालच समजलं हुतं. रोज तुमी तिचं नाव थांबून घेता. काल पळवलं."

पुढं तिनंच विचारलं, डोळ्यात न्हाई ना आल्या? खाती का काही? "रातीची लई खाजवती ती. हातात पायमोजे घाला तिच्या. आनि मॅडम, आता जे असंल ते सांगा. कसं बी असू द्या."

मी शब्द दिला. भागवतला सांगू का विचारलं तर म्हणाली, "नगा. त्यांच्या कानावर मी घालीन, सवडीनं." आवाज अगदी दमलेला होता. ऐन दुपारी फडात नसून बाजारात कशी, हे विचारायचं राहून गेलं.

१४ डिसेंबर, रविवार

शाळेत आणखी पाच पोरांना आल्या, त्यात गोरक्षही. या वेळी ज्याच्या त्याच्या घरच्यांना वेगळा फोन करून सांगितलं. छबूबाई म्हणाली, "बघा, मॅडम शिकल्या."

मी रोज संध्याकाळी झुंबरबाईकडं जाते. पोरीची नखं काढते, गोष्ट सांगते, अंग पुसते. हातात माझे पायमोजे घालून ती बाहुलीसारखी बसते. गटावर सध्या नावं न घेता नुसता आकडा सांगते, आणि आरतीला रोज वेगळं बोलून पाठवते, आज किती खाल्लं, किती खपल्या धरल्या. फोन हल्ली तिच्यापाशीच असतो. सिस्टर म्हणाल्या, मॅडम, तुम्ही जरा लांबून. मी म्हटलं, मला लहानपणी येऊन गेल्यात, आई सांगायची.

१८ डिसेंबर, गुरुवार

संस्कृती शाळेत आली. तोंडावर डाग आहेत. मी हजेरीत तिचं नाव इतकं थांबून घेतलं की रंगनाथ सर म्हणाले, मॅडम, पुढच्या पोरांनाही जायचंय घरी. आरतीचं उत्तर आलं, "ऐकलं मॅडम." बऱ्याच दिवसांनी आलं. मी चक्क रडले.

२३ डिसेंबर, मंगळवार

भागवतचा फोन. गोरक्षच्या बापाकडून त्याला कळलं. छबूबाईनंच लेकाला सांगितलं होतं की संस्कृतीला सगळ्यांच्या आधी आल्या.

"कोप्यांच्या समद्या तळाला म्हाईत हाय, बाप तेवढा येडा," तो म्हणाला. आवाज चढलेला नव्हता, तेच वाईट वाटलं. "आईनं लपवलं, बायकूनं लपवलं, तुमी बी लपवलं. ठरल्यापरमानं पोरगी न्यायला येतोय मॅडम. आडवं यिऊ नगा."

मी काय आडवी येणार, बोलायला तोंडच राहिलं नाही. झुंबरबाईला सांगितलं तर ती चुलीपुढं नुसती बसून राहिली. संस्कृती म्हणाली, "मॅडम, तिकडं शाळा असती का?" मी म्हटलं, असते. पण तिथं ती रामला खेळवत बसणार, हे तिलाही माहीत आहे, मलाही.

अंग मोडून आलंय. थंडीचं असेल.

२६ डिसेंबर, शुक्रवार

काल पोटावर दोन फोड दिसले, म्हटलं डास. आज तोंडावरही. झुंबरबाई बघून म्हणाली, "मॅडम, तुमच्याकडं बी देवी आल्यात." मी म्हटलं, छे, मला लहानपणी येऊन गेल्यात, आई सांगायची. ती म्हणाली, "मग तुमची आई बी 'समदं बरं हाय' म्हननारी दिसती."

शेवगावला डॉक्टरांकडं सर घेऊन गेले, मी गाडीत मागं, तोंडाला पदर. या वयात कांजिण्या अंगावर काढायच्या नसतात, डॉक्टर म्हणाले. गोळ्या दिल्या, सक्त विश्रांती सांगितली. ह्यांना फोनवर सर्दी झाली म्हटलं. उगाच बाग सोडून धावत येतील.

२९ डिसेंबर, सोमवार

ताप. लिहवत नाही. ज्यांना आधी येऊन गेल्यात त्यांनीच माझ्याजवळ यायचं, म्हणजे झुंबरबाई आणि संस्कृती. झुंबरबाई पेज करते, भिंत धरत उठते. संस्कृती माझ्या हातात माझेच पायमोजे घालते. सर अंगणातून ओरडून विचारतात.

संध्याकाळी गटावर निरोप वाजला. सरांच्या मोबाईलवरून, पण आवाज संस्कृतीचा. माझ्यासारखाच दम घेत, माझ्यासारखंच खाकरून. सगळी हजेरी घेतली. शेवटी म्हणाली, "पुष्पावती मॅडम गैरहजर. मॅडमला देवी आल्यात. आज अर्धी भाकरी खाल्ली, मी दुदात कुस्करून दिली. मॅडमनी घरी सर्दी सांगितली हाय, ती खरी न्हाई."

पांघरुणात तोंड घातलं. सरांनी तेवढ्यात राहात्याला फोन लावलेला होता.

३१ डिसेंबर, बुधवार

हे आले. पेरूंची पिशवी खाली ठेवली आणि माझ्या कपाळाला हात लावून म्हणाले, "सर्दी बरी आहे का?" पुढं तासभर बोलले नाहीत माझ्याशी. पेरू मात्र कापून दिला.

दुपारी भागवत आला. दारापासून लांब उभा राहिला, अंगभर शाल गुंडाळून. नमस्कारसुद्धा केला नाही. हात शालीबाहेर काढले नाहीत. एवढा राग धरावा माणसानं? पण मी ताठ बसले आणि म्हटलं, "भागवत, मी खोटं बोलले ते चुकलंच. त्याची शिक्षा पोरीला देऊ नका."

आतून संस्कृती पाण्याचा तांब्या घेऊन आली, मला गोळी दिली, मी गिळेपर्यंत उभी राहिली आणि मग बापाकडं गेली. भागवत म्हणाला, "परवा सांच्याला पोरीचा आवाज आला फोनात. तिच्या आईची भाकर करपली तव्यावर. सगळ्या बाया म्हनाया लागल्या, परत लावा, परत लावा."

मी विचारलं, मग नेणार का? म्हणाला, "आत्ता न्हेली तर तुमच्या तोंडात पानी कोन घालायचं? सक्रांतीपतूर ठरलंय, सक्रांतीपतूर ऱ्हाऊ द्या." आणि संक्रांतीनंतर? हे विचारेपर्यंत तो वळला होता. आल्या पावली गेला. आईपाशीसुद्धा मुक्काम केला नाही, जेवायलाही बसला नाही. झुंबरबाईला फार लागलं ते.

१६ जानेवारी, शुक्रवार

संक्रांत परवा झाली. मी सोमवारपासून शाळेत आहे, तोंडावर डाग घेऊन. गोरक्ष म्हणतो, मॅडम, आपली टोळी सेम दिसते.

आज पोरांना तिळगूळ वाटला. संस्कृतीनं तिचा खाल्ला नाही, मुठीत धरून बसली. बाप आज येतो की उद्या, एवढंच होतं तिच्या डोक्यात, आणि माझ्याही. झुंबरबाईनं तिचे कपडे धुऊन घडी घालून ठेवलेत. म्हणाली, "न्हेली तर चांगल्या कापडात जाऊ दे."

दिवेलागणीला मी ओट्यावर बसले, मांडीशी संस्कृती, पलीकडं झुंबरबाई भिंतीला टेकून. हजेरी घेऊ की नको, असं झालं होतं. तेवढ्यात गटावर निरोप आला. आरतीचा. एरवी दोन शब्दांवर न जाणारी बाई, आज खाकरली आणि सुरू झाली.

"आजची कोपीवरची हजेरी. राम हजर. वरचे दोन दात आले, पाटा धरून हुभा ऱ्हातो. आरती हजर. पाठ दुखती, पन काम चालू हाय. भागवत हजर." इथं ती थांबली. नाव घेताना मी थांबते तशी. मग थेट सासूशीच बोलायला लागली. "भागवतच्या डाव्या हाताला कोयता लागला हुता. त्याला महिना हून गेला. आत्या, तुमाला सांगितलं न्हाई. ज्या दिवशी मॅडमनी पोरीचं नाव पळवलं त्या राती आमी दोघं बी झोपलो न्हाई. नक्की काय झालंय ते कळंना. सकाळी फडात त्यांचं ध्यान हिकडंच, आनि लागला. मॅडमचा फोन आला तवा मी दवाखान्यातच हुते. खबर कळली म्हनून न्हाई लागला आत्या. कळंना म्हनून लागला."

झुंबरबाईनं तोंडाला पदर लावला. मला ती शाल आठवली. नमस्कार केला नाही म्हणून मी मनात केवढं बोलले होते त्या माणसाला.

मग भागवतचा आवाज आला. "आई, जखम भरली आता. दोन बोटं वळत न्हाईत नीट, तोडीला जमत न्हाई. मुकादमानं उसाच्या वजनाच्या चिठ्ठ्या लिवायला बसवलंय, आनि राम माझ्यापाशीच असतो दिसभर. म्हनजे पोरीची गरज न्हाई हिकडं. तिची हजेरी उन्हाळ्याच्या सुट्टीपतूर लावा मॅडम. फकस्त रोज सांगा. बरं असलं तरी आनि नसलं तरी."

झुंबरबाईनं माझ्या हातातून फोन ओढून घेतला. तिनं आजवर गटावर एक शब्द बोललेला नाही. कुठं दाबायचं ते संस्कृतीनं दाखवलं. म्हातारी फोनात म्हणाली, "भागवत, माझं गुडघं लई दुखत्यात. दिवाळीपासनं." आणि फोन मला परत दिला.

मी डोळे पुसले आणि हजेरीला बसले. पहिली झाली, दुसरी झाली. तिसरीत संस्कृतीचं नाव घेऊन थांबले, तर तिनं तिळगूळ तोंडात टाकला आणि तशीच भरल्या तोंडानं फोनात म्हणाली, "हजर."